वाढत्या अंगाची लेन्स

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी आईच्या डोळ्याचं माप घेणं चाललं होतं. यंत्रावर हनुवटी टेकवून ती आतल्या लाल ठिपक्याकडे बघत होती. माप घेणारी मुलगी पुन्हा पुन्हा सांगे, "आजी, पापणी मिटा, उघडा. आता हलू नका."

आई वैतागली. "किती वेळा मोजशील गं? लेन्स थोडी मोठीच टाक. वाढत्या अंगाची."

मुलगी हसली. "आजी, डोळा आता नाही वाढत. आणि मापात केसभर चुकलं तरी चष्मा लागतो."

आमच्या घरात नेमक्या मापाचं असं कधी काही आलंच नव्हतं. माझे सगळे शर्ट वाढत्या अंगाचे, बाह्या दुमडलेले. आईच्या अंगावर मावशीची पोलकी. आणि आज तिच्या बुबुळापासून आतल्या पडद्यापर्यंतचं अंतर प्रकाशाची एक तिरीप मोजत होती, बोटही न लावता. बोराएवढा तो डोळा, त्यात आम्ही सगळे जन्मापासून मावलो होतो. मी श्वास रोखून उभा होतो. वाटलं, माझ्या श्वासानंही तो आकडा हलेल.

ऑपरेशननंतर काही दिवसांनी आई गॅलरीत बसली होती, चष्म्याशिवाय. समोरच्या इमारतीत दोरीवर एक फ्रॉक वाळत होता. ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"वाढत्या अंगाचा घेतलाय," ती म्हणाली. "खाली दुमडून टीप घातलीय बघ."

मला नुसता फ्रॉक दिसत होता.