ठरावातली एक ओळ

नगरपालिकेची पांढरी गाडी फाटकाशी थांबली, तेव्हा ओझेल गिड्री घोडीच्या खुरातला चिखल काढत होता. त्याने खूर खाली ठेवला नाही की मान वर केली नाही.

"मिस्टर गिड्री, मी ड्वेन हकाबी. नगरपालिकेतून आलोय."

"गाडीवर लिहिलंय की."

हकाबी हसला. तो हसला तिथेच ओझेलच्या मनात पाल चुकचुकली. याआधी नगरपालिकेचा माणूस असा हसत आला होता तो चौऱ्याहत्तर साली, आणि जाताना हमरस्त्यासाठी तीन एकर कुरण घेऊन गेला होता. आता उरलं होतं ते आठ एकर, दोन घोड्या आणि शहात्तर वर्षांचा तो.

हकाबीचं म्हणणं असं, की टेक्सास राज्याने लॅनियर क्रॉसिंगला 'रँच आणि रोडिओचा वारसा असलेलं शहर' म्हणून मान द्यायचं ठरवलंय; रोडिओ म्हणजे उधळत्या घोड्या-वळूंवर बसण्याचे जुने खेळ. जुन्या टपालघरात प्रदर्शन मांडायचंय, आणि त्यात ओझेलचं खोगीर हवंय.

"खोगीरच हवंय ना? त्याच्याखालची जमीन नको?"

"नाही हो! जमिनीचं काही नाही."

"मागचाही असंच म्हणाला होता," ओझेल म्हणाला आणि पुढचा खूर उचलला.

संध्याकाळी त्याची मुलगी व्हर्लीन राजमा आणि मक्याचा पाव घेऊन आली. सगळं ऐकून ती म्हणाली, "बाबा, जरा बरं काही झालं की तुमच्या पोटात दुखतंच का?"

"दुखत नाही. वास घेतोय."

दुसऱ्या दिवशी तो कुणाला न सांगता टपालघरात गेला. फलक अजून भिंतीला टेकवूनच ठेवले होते. एकावर त्याचं नाव होतं: 'सन १९५७ मध्ये ओझेल गिड्री आणि इतर स्थानिक घोडेस्वारांनी आपल्या कौशल्याने हजारो प्रेक्षकांना मंत्रमुग्ध केलं.'

ओझेलने ते दोनदा वाचलं. मग तिथूनच हकाबीच्या कचेरीत शिरला आणि टोपी न काढता म्हणाला, "हजारो कोण होते रे? नावं सांग."

"म्हणजे?"

"अरे, आम्हा काळ्यांना रिंगणात सोडायचेच मुळी खेळ संपल्यावर! गोरी मंडळी घरी गेली, बाकड्यांखालचा कचरा झाडून झाला, की मग आमचे वळू बाहेर काढायचे. नियमाचे पुरे आठ सेकंद बसलो मी त्या तांबड्या वळूवर. बघायला कोण होतं? झाडूवाला, दोन पंच आणि माझी आई. पंचांतल्या एकाने तर घड्याळ आधीच खिशात घातलं होतं."

हकाबीने टेबलावरचा फलकाचा मजकूर पुढे ओढला. "मला माहीत नव्हतं," तो म्हणाला.

"असेल. पण आता कळलं."

आठवड्याने हकाबी दुरुस्त केलेला मजकूर घेऊन आला. प्रदर्शनाच्या समितीत दोघांनी कुरकुर केली होती, पण ओळ बसली होती: 'कृष्णवर्णीय स्वारांना प्रेक्षक निघून गेल्यावरच रिंगणात उतरू दिलं जाई.' सन्मानाच्या समारंभात महापौर नगरपालिकेचा ठराव वाचणार होते, त्यातही हीच ओळ होती. ओझेलने कागद उलटून मागची बाजू पाहिली, सहीखालचा बारीक मजकूर व्हर्लीनकडून वाचून घेतला, आणि ठरावाची एक प्रत स्वतःकडे ठेवून घेतली.

"आता तरी विश्वास बसला?" हकाबीने विचारलं.

"कागदावर बसला. माणसांचं बघू."

समारंभाला मंचावर त्याच्यासाठी खुर्ची होती, पण तो मागच्या रांगेत व्हर्लीनशेजारी बसला. महापौर वाचू लागले, तसा तो आपल्या प्रतीवर बोट फिरवत चालला. रँचची नावं झाली, गुरांचे बाजार झाले, सत्तावन्न सालही आलं. बोट त्या ओळीवर आलं आणि महापौर तिच्यापुढच्या ओळीवर गेले.

व्हर्लीनने त्याचा दंड धरला. तो तरीही उठला.

"साहेब, एक ओळ राहिली."

महापौरांनी कागद चाळले, चष्मा सारखा केला. "माफ करा, पानं चिकटली होती," ते म्हणाले आणि त्यांनी ती ओळ वाचली. तोंडातल्या तोंडात नाही, नीट वाचली. पुढच्या रांगेतली एक म्हातारी गोरी बाई वळून बराच वेळ ओझेलकडे बघत राहिली. ती काय विचार करत होती, कोण जाणे.

परतताना व्हर्लीन म्हणाली, "चिकटली असतील हो पानं."

"असतील. नेमकी तिथेच."

"आणि समजा, मुद्दाम गाळली असेल तर?"

ओझेल काचेबाहेर बघत राहिला. "मुद्दाम गाळली तरी वाचावी लागलीच ना."

खोगीर त्याने दिलं, पण दान म्हणून नाही. वर्षभराच्या बोलीवर दिलं, आणि 'मालक ओझेल गिड्री' असं लेखी घेतलं. महिन्यातून दोनदा तो टपालघरात जातो, काचेआड खोगीर बघतो आणि मग फलक वाचतो. तिथली बाई म्हणते, "काका, तुम्हाला पाठ झाला असेल आता."

"मला झालाय," तो म्हणतो. "तुम्ही तो तसाच ठेवलाय का, ते बघायला येतो."