सुभेदारांची भिंत

आमच्या आळीतले सुभेदार बाहेरून आले की देवाला हात जोडण्याआधी एका भिंतीला सलाम ठोकीत. त्या भिंतीवर फौजेतल्या बड्या साहेबांचे नऊ फोटो होते, प्रत्येकावर ज्याची त्याची सही. सोलापुरात तेव्हा प्रभातफेऱ्या निघत. असली भिंत घरात ठेवायला छातीच लागे. मी खादी वापरणारा शाळामास्तर. त्यांना डिवचायचो, "सुभेदार, हे आपल्या उरावर बसलेले लोक."

"त्ये तुमी बगा," ते शांतपणे म्हणत. "मी ह्यांच्यासंगं लढाईत व्हतो."

तरी सहीचे फोटो मागायला विलायतेला जाणारी त्यांची पत्रं इंग्रजीत मीच लिहून देई, आणि उत्तरंही माझ्याच पत्त्यावर येत. बिनसहीचा फोटो आला तर ते तो पुन्हा पाकिटात घालीत. "छापील कागुद लई मिळत्यात. सही हाय म्हंजे मानूस आपल्यासाटनं घटकाभर बसला की."

त्यांचा खरा जीव अडकला होता दहाव्या फोटोत. मेसोपोटेमियात मांडीत गोळी घुसून ते पडले होते, तेव्हा खाटेपाशी थांबून एका जनरलसाहेबांनी त्यांचं नाव विचारलं होतं. ते साहेब आता थकले होते. चार पत्रं गेली, उत्तर नाही. पाचव्याला आलं, नेमकं खंडेनवमीला. सुभेदार बहिणीकडे माळशिरसला गेलेले.

मास्तराच्या घरात शस्त्र म्हणजे चाकू आणि अडकित्ता. यंदा खरा सेनापती घरी आलाय, या उत्साहात मी फोटो पाटावर त्यांच्याशेजारी मांडला, गंध लावलं, फुलानं पाणी शिंपडलं. खाली साहेबांची सही होती. बघता बघता शाई पसरली.

तेव्हाच गप्प बसलो असतो तर बरं झालं असतं. मी घाबरलो, फोटो वाळवला, बारीक टाक घेतला आणि पुसट अक्षरांवरून सही गिरवली. चांगली जमली असं मला वाटलं, याचीच आज जास्त लाज वाटते.

सुभेदारांना इंग्रजी वाचता येत नसे. फोटो हातात घेऊन ते उजेडाला गेले आणि बराच वेळ पाहत राहिले.

"सही करनाऱ्याचा हात पळतो, मास्तर. ह्यो हात भिऊन चाललाय."

मी सगळं सांगून टाकलं.

"गंधाचं काय न्हाय. मी बी लावलं असतं," ते म्हणाले. "पर गिरवलं कशाला?"

मी नवं पत्र लिहायला बसलो, तर त्यांनी मान हलवली. म्हाताऱ्या माणसाला परत तरास नको, म्हणाले. त्याच हिवाळ्यात साहेब गेल्याची बातमी पेपरात आली, ती मीच त्यांना वाचून दाखवली. पुढे बोलणंचालणं चालू राहिलं, पण पत्र लिहून घ्यायला ते कधी आले नाहीत. मीही विषय काढला नाही. काढायला हवा होता.

दोन वर्षांनी सुभेदार गेले. तेराव्याला मुलगा पाहुण्यांना भिंत दाखवत होता. मधोमध तो दहावा फोटो होता.

"आबांचा समदा जीव ह्याच्यात," तो मला म्हणाला. "मास्तर, साहेबानं सवताच्या हातानं काय लिवलंय, वाचून दावा की."

सुभेदारांनी घरात कुणालाच काही सांगितलं नव्हतं. पाहुणे जवळ सरकले. मी चष्मा लावला आणि साहेबांचं नाव सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.