वीस मिनिटांचा रस्सा

बस डेपोत घोषणा करणाऱ्या बाईंचा आवाज असा होता की बाकावर घोरत पडलेला प्रवासीसुद्धा पिशवी उचलून चालू लागायचा, मग ती गाडी त्याची असो वा नसो. "लक्ष द्या" हे दोन शब्द त्यांच्या जिभेवर इतके बसले होते की घरीही त्यांच्याशिवाय वाक्य सुरू होत नसे. "लक्ष द्या, दूध उतू जातंय," असं त्या स्वतःलाच ठणकावत आणि मग धावत. सगळी इमारत त्यांना घोषणाबाई म्हणायची. समोरही म्हणायची, आणि बाईंना त्यात गैर काही वाटत नसे.

त्या तळमजल्यावर राहत. वर एकेका मजल्यावर एकेक घर. पहिल्यावर सलूनवाला आणि त्याची बायको, दुसऱ्यावर शाळेतून निवृत्त झालेल्या गणिताच्या मॅडम, आणि सगळ्यात वर, नुकताच राहायला आलेला, दातांच्या कवळ्या बनवणारा एक एकटा गृहस्थ.

संध्याकाळी ड्यूटी संपली की बाई घरी येत, हात धूत आणि थेट गॅस पेटवत. बटाटे, गाजरं, वाटाणे, पाणी, तिखट, सगळं एकाच पातेल्यात, एकदम. वीस मिनिटं झाली की गॅस बंद. शिजलं की नाही हा प्रश्न त्यांना पडतच नसे. वेळ झाली की गाडी सुटते, मागे राहिलेल्यांसाठी ती थांबत नाही. बटाट्यांना शिजायचं असेल तर त्यांनी वेळेत शिजावं, नाही शिजले तर तो बटाट्यांचा गलथानपणा. एकदा सलूनवाल्याच्या बायकोने भीत भीत विचारलं होतं, "ताई, तुम्ही चाखून नाही का बघत?" त्यावर बाई म्हणाल्या, "ड्रायव्हर काय दर स्टॉपला उतरून टायर चाटतो का?" त्यानंतर त्या विषयावर कुणी ब्र काढला नाही.

दोष एकट्या बाईंचा नव्हता. त्यांचा नवरा डेपोतच ड्रायव्हर होता. पुढ्यात येईल ते मान खाली घालून खायचा आणि म्हणायचा, "छान झालंय." आख्ख्या संसारात दुसरा शेरा नाही. तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती, पण पातेलं तेवढंच राहिलं. लहान पातेल्यात आपला हात बसत नाही, असं बाई सांगत. खरी गोष्ट अशी होती की त्या स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून एकटीने जेवणं त्यांच्या जिवावर यायचं. "या, बसा, दोन घास खा," एवढं म्हटलं असतं तर काम झालं असतं. पण हजारो लोकांना रोज हुकूम सोडणाऱ्या बाईंना कुणाला बोलावणं काही जमत नव्हतं. म्हणून त्या डबा भरत, गुडघे धरत पहिल्या मजल्यापर्यंत चढत आणि दारात उभ्या राहून गर्जना करत, "लक्ष द्या! गरम रस्सा आलेला आहे!" मग जरा रेंगाळत, कुणी आत या म्हणतंय का ते बघत. सलूनवाला बिचारा चेहरा सरळ ठेवण्यात इतका गुंतलेला असायचा की आत बोलावणं त्याला सुचायचंच नाही.

दार लागलं की सलूनवाला नवरा-बायको डब्याकडे बघत बसत. वाटाणा ताटात टाकला तर घरंगळत खाली जाई आणि फरशीवर टणटण उड्या मारी. अन्न टाकून द्यायला मन धजेना, खायला दात धजेनात. शेवटी बायको तो रस्सा कुकरला लावून दोन शिट्ट्या काढी. शिजे तर छान, पण चव म्हणाल तर पाण्याला आणि त्याला सारखीच. मग सलूनवाला तो दुसऱ्या मजल्यावर नेऊन देई. "मॅडम, आमच्याकडे जरा जास्त झालंय." मॅडम चमचाभर घेत, भुवई वर करत, आणि मीठ, लिंबू, चिमूटभर साखर घालून सगळं प्रमाणात आणत. पण रात्री जड खाल्लं की त्यांना जळजळ होई. म्हणून त्या डबा वर पाठवत. वरच्या घरात आधी एक पहिलवान राहायचा, तो डब्यासकट खाईल असा होता. त्यामुळे इतकी वर्षं सगळं सुरळीत चाललं होतं.

पहिलवान गेला आणि कवळीवाला आला, तिथे घोटाळा झाला. त्याने मॅडमनी दिलेल्या रश्शावर कांदा-लसूण खरपूस परतून घातला, एक घास खाल्ला आणि डोळेच मिटले. एवढं चांगलं एकट्याने काय खायचं, शिवाय आपण नवीन, ओळखी करायला हव्यात, असा त्याने विचार केला. दोन मजल्यांवर ओळख झालीच होती. राहिला तळमजला.

बाईंनी पहिला घास घेतला आणि त्या मटकन खुर्चीवर बसल्या. इतक्या वर्षांत जेवण म्हणजे थोडं कुरकुरणारच, अशी त्यांच्या दातांची समजूत झाली होती. हा बटाटा जिभेवर विरघळत होता. त्या जिन्यात गेल्या आणि वर तोंड करून गरजल्या, "लक्ष द्या! वरच्या मजल्यावरचे भाऊ फार सुंदर स्वयंपाक करतात! सर्वांनी नोंद घ्यावी!"

पहिल्या मजल्यावर सलूनवाल्याने घाईघाईने दाराला कडी लावली. दुसऱ्यावर मॅडमच्या हातातला चष्मा खाली पडला.

पण बोलणार कोण? रस्सा रोज वर जाऊ लागला आणि रोज खाली येऊ लागला. बाई स्वतःचंच जेवण जेवत आणि वाहवा करत. "तुम्ही बटाटे अगदी माझ्यासारखे चिरता," असं त्यांनी कवळीवाल्याला कौतुकाने सांगितलं. मॅडमकडून त्यालाही आता सगळं कळलेलं होतं. तो बापडा म्हणाला, "योगायोग." सलूनवाल्याला तर त्या दटावू लागल्या, "अहो, जरा त्यांच्याकडून शिका. रोज माझं आयतं खाता!" त्याने हात जोडले.

हे असंच चाललं असतं. पण एका संध्याकाळी घाईत बाईंच्या खांद्यावरचा डेपोचा पितळी बिल्ला निसटला आणि नकळत पातेल्यात पडला. त्यांनी घर पालथं घातलं, पलंगाखाली शिरल्या, डेपोत फोन केला. तेवढ्यात कवळीवाला नेहमीप्रमाणे वाडगा ठेवून गेला. चमचा घातला तर खण्णकन आवाज. बाईंनी बिल्ला वर काढला. नंबर त्यांचाच. त्यावर खरपूस परतलेला लसूण चिकटला होता.

त्या दिवशी गुडघ्यांची तक्रार न करता त्या थेट चढत गेल्या. पहिल्या मजल्यावर सलूनवाला म्हणाला, "ताई, शप्पथ, आम्ही फक्त दोन शिट्ट्या काढतो." दुसऱ्यावर मॅडम म्हणाल्या, "मीठ, लिंबू आणि साखर. बिल्ला मला दिसला नाही, मोतीबिंदू आहे." तिसऱ्यावर कवळीवाल्याने नुसतीच मान खाली घातली.

बाई ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या बिल्ला मुठीत धरून वळल्या. खाली आल्या, दार लावलं आणि खुर्चीत बसल्या. शेजाऱ्यांचं वाईट वाटलंच, पण त्याहून मोठी गोष्ट डोक्यात येऊन आदळली होती. शेजाऱ्यांकडे कुकर होता, लिंबू होतं, वरचा मजला होता. नवऱ्याकडे काय होतं? तो माणूस वर्षानुवर्षं कच्चे बटाटे खात होता आणि छान म्हणत होता. बाई हुंदके देऊन रडल्या. त्याच्यावरच्या प्रेमाने रडल्या, आणि त्याच्यावरच्या रागानेही. "एकदा तरी सांगायचं होतंस रे," त्या रिकाम्या खुर्चीला म्हणाल्या.

पातेलं माळ्यावर गेलं. बाई डेपोच्या कँटीनमधून पाव आणून खाऊ लागल्या. त्यांची घोषणाही मवाळ झाली. दोन गाड्या तर प्रवासी न घेताच सुटल्या.

इकडे इमारतीला चैन पडेना. सलूनवाल्याच्या बायकोने स्वतः उत्तम रस्सा करून मॅडमकडे पाठवला. मॅडमनी चाखला. मीठ बरोबर, तिखट बरोबर. "छान आहे," म्हणाल्या आणि दार लावलं. पुढे करायचं काय? वर न्यायचं कारण नाही, वरून खाली यायचं कारण नाही. कवळीवाला संध्याकाळी उगाच लसूण सोलून बसू लागला. तिन्ही मजल्यांना कळून चुकलं की त्या भयंकर रश्शामुळेच आपण एकमेकांची दारं वाजवत होतो. शेवटी सलूनवाला, मॅडम आणि कवळीवाला अशी तिघं मिळून खाली आली. सलूनवाल्याच्या हातात कुकर होता.

"ताई, चुकलं आमचं. पण तेवढं पातेलं काढा खाली," सलूनवाला म्हणाला.

"मी आता कच्चं कुणाला देणार नाही!" बाई कडाडल्या.

"अहो, कच्चंच द्या," कवळीवाला काकुळतीला आला. "शिजलेल्याचं आम्ही करायचं काय?"

बाईंनी तिघांच्या तोंडावर दार आपटलं. पण दुसऱ्या दिवशी पातेलं खाली उतरलं. हट्टाला पेटलेल्या बाईंनी घड्याळ पालथं घातलं, मंद आचेवर रस्सा ठेवला आणि जन्मात पहिल्यांदा चमचा घेऊन चाखला. मीठ घातलं. पुन्हा चाखलं. लिंबू पिळलं. लसूण परतला. मग जिन्यात जाऊन, घोषणा न करता, हळूच हाक मारली. तिघं धावत आली आणि दारातच उभी राहिली. बाईंनी प्रत्येकाच्या हातावर चमचाभर रस्सा वाढला.

तिघांचे चेहरे पडले. रस्सा उत्तम झाला होता. शिट्टीला जागा नव्हती, लसणाला जागा नव्हती. सलूनवाला कसाबसा म्हणाला, "छान झालंय."

तो शब्द ऐकला आणि बाईंचे डोळे भरून आले. "नाही," त्या म्हणाल्या. "तसं नाही. मला खरं सांगा."

मग जन्मभर दोनाला दोनच म्हणत आलेल्या मॅडमनी हात पुन्हा एकदा चाटला, बाईंच्या खांद्यावरून आतल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि ठामपणे म्हणाल्या, "मीठ कमी आहे."

मीठ अगदी बरोबर होतं. बाईंनी दोनदा चाखलं होतं. त्या मॅडमकडे बघत राहिल्या आणि मॅडम त्यांच्याकडे.

"मग आत या," बाई म्हणाल्या, "आणि तुम्हीच घाला."