कांताबरोबर पाहिलेली नाटकं

जाफराबादच्या एसटी स्टँडवर उभी असलेली ती वीस वर्षांची नवी नवरी मला आज भेटली, तर आधी मी तिच्या एक थोबाडीत देईन आणि मग विचारपूस करीन. अंगावर नायलॉनची साडी, घामानं पाठीला चिकटलेली. पायात उंच टाचेची चप्पल. तिचा पट्टा स्टँडवर पोचायच्या आधीच तुटलेला आणि सेफ्टी पिनेनं जोडलेला. तोंडावर भाव असा, की ही पास होऊन वरच्या वर्गात चालली आहे आणि मागं राहिलेले सगळे नापास झालेत. शेजारी नवरा. तो पुण्यातल्या एका छापखान्यात प्रूफं तपासायचा. लग्नाला दोन दिवस झाले होते आणि तो स्टँडवरच्या वेळापत्रकातल्या ऱ्हस्वदीर्घाच्या चुका मोजत उभा होता.

मायला शेळ्या बांधून यायला उशीर झाला. पळत आली, लुगड्याला हात पुसले आणि धापा टाकत म्हणाली, "जाऊन राह्यली का वं? जाय. मागं नको पाहू, मान धरंल."

आणि त्या नायलॉनवालीनं, नवऱ्याला ऐकू जाईल इतपत हळू आवाजात, स्वतःच्या मायला सांगितलं, "आई, जाऊन राह्यली नाही म्हणायचं. निघालीस का, असं म्हणायचं."

आजारी शेळीकडं ती जशी बघायची, ही जगते की जाते याचा अंदाज घेत, तशी मायनं माझ्याकडं पाहिलं. "बरं," म्हणाली. बस हलली. मी मागंही पाहिलं नाही. केस सेट केलेले होते.

गावात राहिलेल्यांना हे समजावून सांगायची गरज नाही, पण माझ्यासारखे जे निघून गेले आणि विसरले, त्यांच्यासाठी लिहिते. आपल्याकडं 'जाऊन राह्यली' म्हणजे आत्ता, या घडीला जातेय. पुण्यात तेच ऐकलं तर वाटतं, बाई कुठंतरी गेली आणि तिकडंच मुक्कामाला राहिली. नवऱ्यानं हा फरक मला पहिल्या आठवड्यात शिकवला. सहा महिन्यांत मी 'अय्या' म्हणायला लागले. वर्षभरात माझी भाषा अशी धुऊन निघाली, की शेजारणी विचारायच्या, "तुम्ही मूळच्या इथल्याच ना?" त्या दिवशी मी शिरा करायची.

पुण्यानं मला दुसरं काय दिलं असेल, तर नाटक. महिन्याला एक. नवरा प्रयोगातसुद्धा उच्चारांच्या चुका शोधायचा. मी मात्र नुसती रडायची. दुसऱ्यांच्या दुःखावर रडायला मला नेहमीच सोपं गेलं.

पुढं नवरा गेला, पुण्याची जागा बिल्डरनं पाडायला घेतली आणि मुलाला बियाण्याच्या कंपनीनं जालन्याला पाठवलं. त्याच्या सामानाबरोबर मीही आले. जिथून नाक वर करून निघाले होते, तिथून दीड-दोन तासांवर येऊन पडले. नवीन जालन्यात तिसऱ्या मजल्यावर आमचा फ्लॅट. मी मुलाला पहिल्याच दिवशी विचारलं, इथं नाटकं होतात का. तो म्हणाला, "आई, इथं स्टील होतं."

पण नाटकंही होतात. शोधावी लागतात, एवढंच. मी शोधली आणि प्रत्येक वेळी माझी धाकटी बहीण कांता, वय अडुसष्ट, जाफराबादेहून सकाळच्या बसनं यायची. तिला गावातच दिलेली होती, त्यामुळं माय थकली ती तिच्याच पदरात. आता मायच्या घरात तीच राहते. येताना भाजलेल्या शेंगा आणायची आणि नाटक रंगात आलं, की अंधारात टरफलं फोडायची.

पहिलं पाहिलं ते पुण्याहून आलेलं विनोदी नाटक. त्यात एक नोकर होता आणि तो आपल्या भाषेत बोलायचा. म्हणजे प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'राह्यलो' चिकटवायचा. खाऊन राह्यलो, झोपून राह्यलो, मालकीणबाई भिऊन राह्यलो. दर वेळी हशा. हसणारे कोण? ज्यांनी पाच मिनिटांपूर्वी दारात मोबाइलवर 'गाडी लावून राह्यलो, आलोच' म्हटलं होतं, तेच. मीही हसले, सवयीनं. कांता गंभीरपणे शेंग फोडत म्हणाली, "हा कुठला हाये गं आक्का? याला बोलताच येत न्हाई. तोतरा असंल."

वर्षातला माझा सगळ्यात आवडता प्रयोग मात्र व्यापारी घरांतल्या बायकांच्या मंडळाचा. पिढ्यान् पिढ्या इथं राहिलेली राजस्थानी घरं, दागिने खरे, दाढीमिशा खोट्या. नाटकात खाष्ट सासू झाल्या होत्या एक सेठाणीबाई, आणि सून झाली होती त्यांची खरीच सून. पहिल्या अंकात सासूनं सुनेला थोबाडीत मारायची होती. तालमीत म्हणे हवेतच मारायच्या. प्रयोगात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत आला. सून हलली नाही. पुढच्या प्रवेशात तिला सासूचे पाय दाबायचे होते. ते तिनं असे दाबले, की सेठाणीबाईंचे पुढचे तीन संवाद मारवाडीत निघाले. इतका खरा अभिनय मी पुण्यात पन्नास वर्षांत पाहिला नव्हता. कांता म्हणाली, "तिसरा अंक घरी जाऊन करतेल."

मुलाच्या कंपनीच्या संमेलनात बोंडअळीवर एकांकिका झाली. अळीचं काम मॅनेजर साहेबांनी केलं. औषध फवारल्यावर ते मेले, तेव्हा स्टाफनं गरजेपेक्षा जास्त वेळ टाळ्या वाजवल्या.

अशी आम्ही हसत होतो. पण कांताला मी नाटकाला उगीच नेत नव्हते. मला तिला एक गोष्ट सांगायची होती आणि शेजारी शेजारी अंधारात बसलं, की कधीतरी तोंड उघडेल असं वाटायचं. वर्ष सरत आलं, तोंड उघडलं ते शेंगा खायलाच.

गोष्ट अशी. लग्नाला आठ वर्षं झाली होती. फोन खाली घरमालकांकडं. एके दुपारी मालकीणबाई चिठ्ठी घेऊन वर आल्या. जाफराबादेहून कांताच्या नवऱ्यानं ट्रंककॉल केला होता, लाइनवर खरखर होती, पण ऐकलं तसं त्यांनी लिहून घेतलं होतं: 'माय जाऊन राहिली.' "कुठं राहायला गेल्यात हो आई?" त्यांनी कौतुकानं विचारलं.

मला वाचताक्षणी कळलं. माय मरायला टेकली होती. हे कळायला मला अर्धा श्वाससुद्धा लागला नाही.

त्या संध्याकाळी साडेसहाच्या प्रयोगाची तिकिटं होती. नवऱ्यानं दोन तास रांगेत उभं राहून आणलेली, चौथी रांग, मधल्या खुर्च्या. मी बाईंना म्हटलं, "मामाकडं गेली असेल, देऊळगावराजाला." नवऱ्याला तेच सांगितलं. ज्या माणसाला लांबून वेलांटी दिसायची, त्याला हे दिसलं नाही. मी नाटकाला गेले. तिसऱ्या अंकात रंगमंचावरची आई मेली आणि मी इतकी रडले, की पुढच्या रांगेतल्या बाईंनी मला रुमाल दिला. असलं माणूस आहे मी. सकाळी मग मला अचानक काळजी वाटायला लागली आणि मी बस पकडली. पोचले तेव्हा दिवस बुडत होता. सगळं आटपलं होतं. आदल्या संध्याकाळी निघाले असते, तर सकाळी पोचले असते. माय दुपारी गेली.

कांताला मी सांगितलं, पुण्याच्या लोकांना आपली बोली कळत नाही, त्या मालकीणबाईनं घोळ घातला. कांतानं ते बराबर मानलं आणि चाळीसहून जास्त वर्षं त्या बिचारीला शिव्याशाप दिले. बाई एक्क्याण्णव वर्षांच्या होऊन, झोपेत, हसऱ्या चेहऱ्यानं गेल्या. कांताच्या शापात तेवढाच दम.

मग नाट्यस्पर्धेची फेरी आली. दुपारचा प्रयोग, प्रेक्षक सतरा, त्यात तीन परीक्षक. एमआयडीसीतल्या कामगारांनी बसवलेलं नाटक होतं. म्हातारा बाप बाजेवर मरून राह्यला आहे, उशाशी सून बसली आहे आणि मुलगा शेवटच्या घटकेला येतो, बाप त्याला बघून डोळे मिटतो. पण मुलाचं काम करणारा गडी रोलिंग मिलमध्ये अडकला होता. त्याच्या जोडीदारानं दांडी मारली म्हणून त्याला डबल पाळी पडली होती. बापाला मरता येईना.

"आला का?" बाप म्हणाला.

विंगेतून कोणीतरी नाही म्हणून मान हलवली. सून म्हणाली, "आला, आला. गेटातून निघाला."

बाप खोकला. पाणी प्याला. पुन्हा, "आला का?"

"उड्डाणपुलावर आला, मामंजी."

"जल्दी ये म्हणावं. माझा दम संपून राह्यला."

सतराच्या सतरा हसत होते. एक परीक्षक चष्मा काढून डोळे पुसत होता. मी तर खुर्चीच्या हाताला धरून हसत होते, पोटात दुखेपर्यंत. दहा मिनिटांनी तो मुलगा आला, निळ्या डांगरीतच, तोंडावर काजळी. बाप उठून बसला आणि म्हणाला, "आता कामून आला? कशाला आला?" आणि मेला. आम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्या.

कांता बसूनच होती. शेंगांची पिशवी तशीच मांडीवर.

"म्या असंच केल्तं," ती म्हणाली.

मला कळलं नाही. बाहेर पडलो, रिक्षानं स्टँडवर आलो, जाफराबादची बस लागायची होती. बाकड्यावर बसल्यावर तिनं सांगितलं. त्या दिवशी सकाळपासून माय विचारत होती, आक्का कव्हर आली? कव्हर म्हणजे कुठवर. आणि कांता तिला सांगत होती. नगर सोडलं. औरंगाबादला गाडी बदलली. जालना आलं. राजूर आलं. एका गावाहून दुसऱ्या गावाला बसला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ थांबून मग पुढचं गाव सांगायची. दोनदा तिनं गाडी पंक्चर केली.

"टेंभुर्णीला आणलं तुला," कांता म्हणाली. "मंग तिनं इचारलंच न्हाई."

मी बाकड्यावरच्या गुटख्याच्या डागाकडं बघत होते. कांतानं नाक पुसलं आणि सवयीनं सुरू केलं, "त्या भवानीच्या जिभेला..."

"कांता, बाईनं बराबर लिहिलं होतं," मी म्हटलं. "मला कळलं होतं. मी नाटकाला गेले होते."

ती रडेल, ओरडेल, चार लोकांत माझी अब्रू काढेल असं मला वाटलं. अशी तयारी मी वर्षभर करून ठेवली होती. त्यावर काय म्हणायचं तेही पाठ होतं. कांतानं पिशवीचं तोंड नीट बांधलं.

"कोन्तं नाटक होतं?"

मी सांगितलं.

"सांग मंग. काय होतं त्याच्यात?"

आणि मी सांगितलं. मला सगळं आठवत होतं, हीच तर शिक्षा. पहिला अंक, दुसरा अंक, आई आणि तिचे दोन मुलगे, घराची वाटणी, तिसऱ्या अंकातलं मरण. कोण कुठून आत आलं, कुणी काय म्हटलं. माझ्याही नकळत मी चांगलं सांगत होते. आवाज चढवत, उतरवत. शेजारच्या बाकड्यावरची बाई ऐकायला सरकली. कांतानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं, एकदाही मधे तोंड घातलं नाही. तेवढ्यात बस लागली.

"एवढंच?" कांता म्हणाली आणि बसमध्ये चढली.

त्यानंतर ती जालन्याला आली नाही. फोन उचलायची, पण रेंज नाही म्हणायची. महिन्याभरानं मीच शेअरच्या जीपमधून, दहा माणसं आणि सोयाबीनच्या दोन पोत्यांमध्ये बसून जाफराबादला गेले. कांता दारात आली.

"या," म्हणाली. "बसा. प्रवासात त्रास नाही ना झाला तुम्हाला?"

मला वाटलं, माझ्या मागं कोणीतरी उभं आहे. मागं वळून पाहिलंसुद्धा. कोणी नव्हतं. ती माझ्याशीच बोलत होती. आयुष्यात एक दिवस शाळेत न गेलेली माझी बहीण अशी स्वच्छ, कडक इस्त्रीची मराठी बोलत होती, की माझ्या नवऱ्यालाही एक चूक सापडली नसती. "चहा घेणार ना आपण? साखर चालते का?" कपबशीतून चहा दिला, आम्ही दोघी जन्मभर पितळीत ओतून प्यायलेल्या. मी म्हटलं, "कांते, असं कामून करून राह्यली?" ती म्हणाली, "मला समजलं नाही हं. पुन्हा सांगता का?" निघताना कुंकू लावून ब्लाउजपीस दिला, परक्या बाईला देतात तसा.

वर्षभर पाहिलेल्या सगळ्या नाटकांत हा प्रयोग अव्वल. सेठाणीबाई दुसऱ्या नंबरावर.

आता मी दर महिन्याला जाते. सहा ब्लाउजपीस झालेत. सहाही वेळा तुम्ही, आपण, बरं वाटलं आलात ते. मी माझ्या जुन्या बोलीत बोलते, ती माझ्या नव्या बोलीत उत्तर देते, आणि खोलीत दोघींतलं कोणीच आपल्या घरात नसतं. पुण्याची जागा पाडली. जालन्याचा फ्लॅट मुलाचा आहे. घर म्हणून मला जी एक जागा आहे, तिथं माझी पाहुणी म्हणून व्यवस्थित सरबराई होते.

मागच्या खेपेला मात्र निघताना उंबऱ्याला पाय अडकला आणि मी ओट्यावर आडवी झाले. कांता आतून ओरडत धावली, "ए आक्के, मरती का काय? डोळे फुटले का तुझे?" दंड धरून तिनं मला बसवलं, गुडघ्यावरची माती झाडली. मग हात काढून घेतला, पदर नीट केला आणि म्हणाली, "लागलं नाही ना तुम्हाला फार?"

गुडघा आठ दिवस सुजला होता. डॉक्टर म्हणाले, या वयात पडणं बरं नव्हे, हाडं ठिसूळ झालीत.

पुढच्या महिन्यात परत पडणार आहे. ओट्याची डावी बाजू जरा मऊ आहे, पाहून ठेवलंय.