ठमाबाईंना दिलेला नकार

कोन गावच्या ठमाबाई पनवेलच्या बाजारात सुकी मासळी विकायच्या. वय एकसष्ट, आवाज असा की पुढे गेलेलं गिऱ्हाईक मागे वळायचं. पण त्या वर्षी त्यांना शिंकेचीही भीती वाटायला लागली होती. गर्भपिशवीच्या ऑपरेशनच्या जुन्या टाक्यांतून आतडं कातडीखाली बाहेर यायला लागलं होतं. आडवं झालं की फुगवटा आत जायचा, उभं राहिलं की नारळाएवढा वर यायचा.

सून दिपिका त्यांना डॉक्टर कीर्तींकडे घेऊन गेली. ऑपरेशनची तारीख घेऊनच परतायचं, असं ठमाबाईंनी ठरवलं होतं. डॉक्टरांनी पोट तपासलं, साखरेचा रिपोर्ट पाहिला, मिश्री लावता का विचारलं आणि आत्ता ऑपरेशन करायला चक्क नकार दिला. एवढ्या साखरेत आणि तंबाखूत जखम भरणार नाही, टाके सुटतील, आजच्यापेक्षा वाईट हाल होतील, असं त्यांनी समजावलं. आधी साखर उतरवा, मिश्री सोडा, तीन महिन्यांनी या. मात्र फुगवटा आत जाईना आणि पोटात कळा आल्या, तर एक मिनिट न दवडता यायचं, हेही दोनदा बजावलं.

ठमाबाईंच्या डोक्यात फक्त नकार राहिला. त्यांच्या थोरल्या जावेलाही असंच ऑपरेशन नाही म्हणून घरी पाठवलं होतं, आणि ती महिन्याभरात गेली होती. तिचा आजार निराळा होता, हे दिपिका सांगून थकली. ठमाबाई मान डोलवायच्या आणि पदराखाली हात घालून फुगवटा आत जातोय का ते चाचपायच्या. जेवताना, बोलताना, गिऱ्हाईकाला बोंबील मोजून देताना, हात तिथेच.

साखर त्यांनी उतरवली. दोन वेळचा भात एकावर आणला. मिश्री मात्र सुटेना. भीतीने छाती धडधडली की बोट आपसूक डबीत जायचं. घरी सांगितलं, सोडली.

दोन महिने होत आले असतील. एका सकाळी बाजारात सुकटीची पाटी उचलताना पोटात अशी कळ आली की त्या तिथेच खाली बसल्या. फुगवटा दगडासारखा घट्ट झाला होता, दाबूनही हलेना. शेजारच्या बाईने फोन केला, दिपिका धावत आली आणि दोघी रिक्षाने निघाल्या. रिक्षात ठमाबाईंना दोनदा उलटी झाली. कळेपेक्षा त्यांना धसका होता तो दुसराच. डॉक्टरीण परत नाही म्हणाली तर?

ऑपरेशनला आत नेण्याआधी डॉक्टर कीर्तींनी मिश्रीचं विचारलं. दिपिका म्हणाली, कधीच सोडलीय. ठमाबाईंना वाटलं, गप्प राहावं. खरं सांगितलं तर परत पाठवतील, आणि लपवलं तर भुलीतून जाग यायची नाही. त्यांनी सुनेचा हात धरला.

"नाय गो. आज सकाली पन लावली." मग डॉक्टरांकडे न बघता म्हणाल्या, "आता तुमी नायच म्हनाल."

"सांगितलंत ते बरं केलंत. भूल देणाऱ्यांना हे कळायलाच हवं," डॉक्टर म्हणाल्या. "तेव्हा थांबण्यात तुमचं भलं होतं, म्हणून नाही म्हटलं. आता थांबले तर आतडं सडेल. धोका आहेच, पण आज मी नाही म्हणू शकत नाही."

सही करताना अंगठा की नाव, हेही ठमाबाईंना सुचेना.

वीतभर आतडं काढावं लागलं. जखम पिकली, डॉक्टरांनी आधी सांगितलं होतं तशीच, आणि भरायला दोन महिने लागले. ठमाबाई वाचल्या. शेवटच्या तपासणीला डॉक्टर म्हणाल्या, फुगवटा परत येऊ नये म्हणून पोटाला आतून जाळी बसवायची राहिली आहे, पण ती वर्षभर तरी नाही, आणि मिश्री पूर्ण सुटल्याशिवाय तर नाहीच.

बाहेर येऊन ठमाबाई बाकड्यावर बसल्या. "दिपे," त्या म्हणाल्या, "ती का नाय म्हनाली, ते मना परत सांग." दिपिकाने सांगितलं. त्यांनी ते तिच्याकडून तीनदा वदवून घेतलं, आणि मगच उठल्या.