कापसाचा बापूराव

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. मुळात मी इतका घाबरट, की विश्वास ठेवणं मला झेपलंच नसतं! तरी हे लिहितोय...

अठ्ठावन्न-एकोणसाठ साल असेल. नवाकोरा डॉक्टर होऊन मी अमरावतीहून अकोल्याला, मोर्णा नदीपलीकडे जुन्या शहरातल्या एका लहानशा दवाखान्यात रुजू झालो. बुडालेल्या माणसाचा श्वास परत आणायचा सराव करायला मोठ्या साहेबांनी एक पुतळा करवून घेतला होता. करीमचाचा पिंजाऱ्यांनी जाड्याभरड्या कापडात कापूस ठासून शिवलेला, माणसाएवढा. त्याला पालथा घालायचं, बरगड्यांच्या जागी तळवे ठेवून दाबायचं, सोडायचं. दाबलं की आतली हवा निघे — हुस्स! मी त्याला माझा जुना सदरा चढवला आणि नाव ठेवलं बापूराव.

हुकूम होता रोज दुपारी अर्धा तास. मी पाच मिनिटं दाबायचो, बाकी वेळ गप्पा. अकोल्यात मला दुसरं होतंच कोण? आईचं पत्र त्यालाच वाचून दाखवायचो, मेसच्या भाजीची तक्रारही त्याच्याकडेच. ऐकायचा मात्र मन लावून!

एकदा साहेबांनी पकडलं. "काबे, झाला अर्धा तास?"

"झाला सर."

"घाम तं दिसत नाई! खरा माणूस असता तं मेला असता ना बे तुह्या हाताखाली."

मे महिन्यातली दुपार. बापूरावच्या खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली, तोच शेजारच्या गल्लीतून ओरडा आला — विहिरीत पोरगी पडली! आठ-नऊ वर्षांची चंद्रा. मी पोचलो तोवर लोकांनी तिला वर काढलं होतं. नाडी अगदी बारीक, श्वास नाही. पालथी घातली, दाबू लागलो. पाच मिनिटांत हात भरून आले... सवयच तेवढी! दहाव्या मिनिटाला, सांगायला लाज वाटते, मी उठलो.

"डाक्टर, कावून सोडलं हो?" तिची माय म्हणाली. "आणखी थोडंसंक करा ना, बाप्पा."

तेवढ्यात अगदी कानाशी आलं — हुस्स! पोरगी तर निपचित होती. मी पुन्हा बसलो, हात टेकवले... तळव्यांखाली ओल्या बरगड्या नव्हत्याच. कोरडा, ओळखीचा कापूस होता. हात चालत राहिले, किती वेळ ते ठाऊक नाही. मग चंद्रा खोकली, भडाभडा पाणी टाकलं आणि म्हणाली, "माय..."

बापूरावला कधी सांगतो असं झालं होतं. धावत आलो, कुलूप काढलं. बापूराव पालथा पडलेला, सदऱ्यातून पाणी ठिबकत होतं. छत कोरडं. खोलीत माठसुद्धा नव्हता.

करीमचाचांनी टाके उसवून आत हात घातला. बाहेर आला तो हिरव्या शेवाळासकट.

"डाक्टरसाब, इसकू कुएं में डाले थे क्या?"

चाचांनी नवा कापूस भरून दिला. त्यानंतर मी रोज पुरता अर्धा तास दाबायचो, घाम निघेस्तोवर. हुस्स आवाजही यायचा, पण तो ओळखीचा नव्हता. चंद्रा वाचली, ते पाणी तिथं कसं पोचलं याचं उत्तर मात्र आजवर मिळालेलं नाही.

पुढच्या आठवड्यात आईचं पत्र आलं. सवयीनं त्या खोलीत घेऊन गेलो, उघडलं... आणि मनातल्या मनातच वाचलं.