फॉर्मवर मी लिहिलेलं ‘नाही’

प्रिय सायली आणि रोहन,

तिकडच्या डेंटिस्टने घरात कोणाला मधुमेह आहे का विचारलं आणि तुम्ही ‘नाही’ सांगितलंत, हे रविवारी फोनवर कळलं. ते दुरुस्त करायला हवं, म्हणून लिहिते आहे.

आजोबांना मधुमेह आहे. गेल्या उन्हाळ्यात नेवाशातल्या दातांच्या दवाखान्यात तो कळला. हिरड्यांतून पू येत होता, दात हलत होते. याला पेरिओडॉन्टायटिस म्हणतात, म्हणजे दात धरून ठेवणारं हाड झिजणं. डॉक्टरबाईंनी त्यांच्या बोटाला सुई टोचून साखर पाहिली. ३४८.

“आजोबा, हे आजकालचं नाही. दोन-तीन वर्षं तरी अंगात असणार.”

आपल्या घरात सगळे फॉर्म मी भरते, कारण ते इंग्रजीत असतात आणि मी इंग्रजीची शिक्षिका. तीन वर्षांपूर्वी नगरला त्यांची दाढ काढली, तेव्हाही मीच भरला होता. डायबेटिस, नाही. ब्लड प्रेशर, नाही. त्यांना विचारलंही नाही. तपासणी कधी झालीच नव्हती, तेव्हा ‘माहीत नाही’ लिहायला हवं होतं. पण तसं लिहिणं मला गबाळेपणाचं वाटलं.

जखम लवकर भरेना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, “साखर नाही ना?” फॉर्मवर लिहिलंय, असं मी सांगितलं. त्याच दिवसांत आजोबा म्हणत होते, “लई तहान लागती गं.” मी उन्हावर ढकललं.

नेवाशात साखर कळल्यावर एचबीएवनसी केली, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज. ११.४; साडेसहाच्या पुढे गेली की मधुमेह. डोळ्यांच्या डॉक्टरांनी रेटिनोपथी सांगितली: साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यावरच्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. डाव्या डोळ्याची गेलेली नजर परत येणार नाही.

परतताना एसटीत मी त्यांना नगरच्या फॉर्मचं सगळं सांगितलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “लिवलं तुमी, पण खाली सही माझी हाय. मी तरी कुटं इचारलं, काय लिवलं म्हनून?”

त्यांनी थट्टेवारी नेलं. मला ते अजून जमलेलं नाही.

तुम्ही दोघं आता ‘हो, आजोबांना’ असं लिहा. जे माहीत नसेल तिथे ‘माहीत नाही’ लिहा आणि तपासणी मागून घ्या. तुमच्या बाबांनाही मी तेच सांगितलं आहे.

चार दात काढावे लागले. साखर गोळ्यांनी आटोक्यात आहे. बावीस दात पक्के आहेत, आणि उजव्या डोळ्याने ते चष्मा लावून रोजचा पेपर वाचतात.

तुमची आजी